कमी प्रतीच्या धातुकातून सोने: अपक्षालनाची पद्धत कशी निवडावी आणि कशी राबवावी

एका टनात अर्धा ते एक ग्रॅम सोने असलेले धातुक हाताळताना पहिली अडचण खर्चाची असते. एक ग्रॅम प्रति टन म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. इतके विरळ सोने मिळवण्यासाठी सगळा खडक बारीक दळायचा ठरवला, तर दळणाचा आणि टाक्यांचा खर्चच पुष्कळदा हाती येणाऱ्या सोन्याच्या किमतीपलीकडे जातो. म्हणून खडक फारसा न दळता, बहुधा त्याचा ढीग रचून, त्यातून सोने विरघळवणारे सायनाइडचे द्रावण फिरवायचे आणि नंतर त्या द्रावणातून सोने वेगळे करायचे, ही रीत रूढ झाली. हेच अपक्षालन, म्हणजे लीचिंग.

हे मार्गदर्शन खाणीवर किंवा प्रयोगशाळेत परवानगीने आणि प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्यांसाठी आहे. सायनाइड हे घरी, अंगणात किंवा एकट्याने हाताळण्याचे रसायन नाही, आणि पुढे लिहिलेले काहीही तसे वापरण्यासाठी नाही. या संपूर्ण विषयात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: द्रावण जिथवर पोहोचते तिथवरचेच सोने हाती येते. रसायनाची मात्रा चुकली तर ती दुसऱ्या दिवशी सुधारता येते, पण पाणी न मुरणारा ढीग एकदा रचला की तो सुधारणे जवळजवळ अशक्य असते.

सोने विरघळते कसे

सोने बहुतेक आम्लांना दाद देत नाही, पण हवेतील ऑक्सिजन उपलब्ध असेल तर सायनाइडच्या अगदी पातळ द्रावणातही ते विरघळते. ऑक्सिजन सोन्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन घेतो आणि मोकळा झालेला सोन्याचा आयन दोन सायनाइड आयनांशी बांधला जाऊन स्थिर संयुग बनतो. या अभिक्रियेचे समीकरण एल्सनर यांच्या नावाने ओळखले जाते. ऑक्सिजनची गरज त्यांनी १८४६ मध्ये दाखवून दिली होती. औद्योगिक पद्धतीचे पेटंट मात्र जॉन स्ट्युअर्ट मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधू यांनी ग्लासगो येथे १८८७ मध्ये घेतले, आणि त्यानंतर दोनच वर्षांत न्यूझीलंडमधील क्राउन खाणीत ती प्रत्यक्ष वापरात आली.

या अभिक्रियेतून कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की सायनाइड वाढवत गेल्याने वेग सतत वाढत नाही. समुद्रसपाटीवर साधारण तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम इतकाच ऑक्सिजन विरघळतो, आणि तो अपुरा पडू लागला की जास्तीचे सायनाइड वाया जाते. दुसरी गोष्ट कणांच्या आकाराची. अनुकूल परिस्थितीत सोने विरघळण्याचा वेग दर चौरस सेंटिमीटरला तासाला सुमारे सव्वातीन मिलिग्रॅम इतका मोजला गेला आहे. या हिशोबाने ४४ मायक्रॉन जाडीची पापडी दोन्ही बाजूंनी विरघळायला तेरा तास लागतात, आणि जाडी वाढेल तसा वेळ त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून धातुकात जाड सोने असेल तर ते आधी गुरुत्वाच्या उपकरणांनी, म्हणजे जिग, हलते टेबल किंवा केंद्रोत्सारी सांद्रक वापरून काढून घ्यावे. सायनाइडवर सोडू नये.

सामू (pH) हा या पद्धतीचा प्राण आहे. सायनाइड आयन पाण्यातील हायड्रोजन आयनाशी जोडला गेला की हायड्रोजन सायनाइड तयार होते. त्याचा उत्कलनबिंदू २६ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने ते सहज वायुरूप होते आणि थोड्याशा प्रमाणातही प्राणघातक ठरते. सामू ९.२ असताना द्रावणातील जवळजवळ निम्मे सायनाइड या रूपात असते, सामू १०.५ वर नेला की ते सुमारे ५ टक्क्यांवर आणि ११ वर २ टक्क्यांच्या खाली येते. म्हणून सामू १०.५ ते ११ या पट्ट्यात राखावा आणि त्यासाठी चुना वापरावा. इथे माणसाचा जीव आणि रसायनाचा खर्च ही दोन्ही कारणे एकाच दिशेने जातात, कारण वायू होऊन उडालेले सायनाइड सोने विरघळवत नाही.

नमुना आणि परख

सगळ्या आखणीचा पाया नमुना असतो आणि सोन्याच्या बाबतीत तो घेणे कठीण असते, कारण सोने खडकात सारखे पसरलेले नसते. एखादा जाड कण नमुन्यात आला तर परख, म्हणजे सोन्याचे मोजलेले प्रमाण, फुगते, नाही आला तर घसरते. त्यामुळे एकाच ठिकाणचा, एकाच रंगाचा, हाती लागलेला खडक उचलून निष्कर्ष काढू नये. साठ्याच्या वेगवेगळ्या खोलीचे, वेगवेगळ्या खडकांचे आणि ऑक्सिडीकरणाच्या वेगवेगळ्या अवस्थांचे नमुने स्वतंत्र ठेवावेत. ते एकत्र मिसळून सरासरी काढण्याचा मोह टाळावा. पृष्ठभागाजवळचा तांबूस, गंजलेला खडक सायनाइडला उत्तम प्रतिसाद देतो आणि त्याच्याच खाली वीस-तीस मीटरवर सल्फाइडयुक्त, म्हणजे गंधकाची खनिजे असलेला, राखाडी खडक जवळजवळ काहीच देत नाही, हे अनेक साठ्यांमध्ये दिसते. मिश्र नमुन्यात हा फरक लपून जातो.

परख ‘फायर असे’ (fire assay) पद्धतीने, म्हणजे शिशाच्या साहाय्याने भट्टीत वितळवून करावी. त्यासाठी सहसा ३० किंवा ५० ग्रॅम चूर्ण घेतले जाते. जाड सोन्याचा संशय असेल तर अर्धा ते एक किलो चूर्ण चाळून चाळणीवर राहिलेला भाग आणि खाली पडलेला भाग वेगवेगळे परखावेत. सोन्याबरोबर चांदी, तांबे, आर्सेनिक, अँटिमनी, पारा, गंधक आणि सेंद्रिय कार्बन यांचेही विश्लेषण करून घ्यावे, कारण पुढच्या अनेक निर्णयांची उत्तरे या आकड्यांत असतात.

बाटली आणि स्तंभ

पहिली चाचणी फिरत्या बाटलीची असते. सुमारे एक किलो धातुक दीडपट पाण्यात घेऊन चुन्याने सामू स्थिर केला जातो, मग ठरावीक तीव्रतेचे सायनाइड घालून बाटली रुळांवर एक-दोन दिवस फिरवली जाते. अधूनमधून द्रावणाचा थोडा भाग काढून सोने, उरलेले सायनाइड, सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजतात. ही चाचणी दोन आकारांवर समांतर करावी: एक ७५ मायक्रॉनपर्यंत दळलेल्या चूर्णावर आणि दुसरी दहा-बारा मिलिमीटरच्या भरडीवर. दुसरी चाचणी जास्त दिवस चालवावी लागते आणि बाटली तासातून थोडाच वेळ फिरवावी लागते, नाहीतर खडे घासले जाऊन त्यांचेच पीठ होते.

दोन्ही आकारांत मिळालेले सोने जवळपास सारखे असेल तर धातुक ढिगासाठी योग्य असण्याची शक्यता मोठी आहे. चूर्णातून ९० टक्के आणि भरडीतून ४० टक्के मिळत असेल तर सोने खडकाच्या आत बंद आहे. चूर्णातूनही फार कमी मिळत असेल तर ते सल्फाइडात अडकलेले आहे किंवा धातुकातील कार्बन ते परत ओढून घेत आहे, असे समजून वेगळा तपास करावा.

बाटलीने आशा दाखवली की स्तंभाची चाचणी करावी, आणि माझ्या मते तिच्यावर खर्च केलेला पैसा आणि वेळ कधीही वाया जात नाही. स्तंभाचा व्यास धातुकातल्या सर्वांत मोठ्या खड्याच्या किमान सहापट असावा, उंची दोन मीटरपेक्षा कमी नसावी आणि चाचणी दोन-तीन महिने चालू द्यावी. वरून थेंब-थेंब द्रावण सोडायचे, खाली जमलेले द्रावण रोज मोजायचे आणि परखायचे. सोन्याइतकेच लक्ष पाझराकडे द्यावे. भिजल्यावर धातुक किती दबले, वर पाणी साचले का, खाली गढूळ आले का, याची नोंद रोज व्हायला हवी. भिजल्यानंतर उंची सुमारे १० टक्क्यांहून अधिक घटली तर ढीगही तसाच दबेल आणि त्यातले पाण्याचे मार्ग बंद होतील, ही स्पष्ट सूचना आहे.

चाचणी संपल्यावर धातुक बाहेर काढून, धुऊन, चाळून प्रत्येक आकाराच्या भागाची स्वतंत्र परख करावी. हे काम कंटाळवाणे असल्याने ते पुष्कळदा टाळले जाते, पण खडक आणखी बारीक भरडावा की नाही या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. मोठ्या खड्यांतच सोने उरले असेल तर बारीक भरडण्याने फायदा होईल. सगळ्या आकारांत सारखेच उरले असेल तर होणार नाही. शेवटी द्रावणात आलेले सोने आणि खड्यांत उरलेले सोने यांची बेरीज मूळ परखेशी ताडून पाहावी. दोहोंत मोठी तफावत असेल तर आधी नमुना आणि परख तपासावी. तोवर त्या चाचणीवर कोणताही निर्णय उभा करू नये.

ढीग, हौद की टाकी

पद्धतीची निवड या चाचण्यांवरून आपोआप आकार घेते. धातुक गरीब आहे, सच्छिद्र आहे आणि भरडीतूनही सोने देते, अशा वेळी ढीग योग्य. त्यात भांडवल कमी लागते, पण सोने साधारणपणे ६० ते ८० टक्केच मिळते आणि त्याला महिने लागतात. फारच गरीब पण साठा मोठा असेल तर खाणीतून निघालेला खडक न भरडताच रचून त्यावर द्रावण सोडतात. तिथे उतारा, म्हणजे हाती येणाऱ्या सोन्याचे प्रमाण, आणखी कमी असतो, पण भरडण्याचा खर्च वाचतो. वाळूच्या आकाराचे आणि सहज पाझरणारे धातुक हौदात बुडवून काही दिवस ठेवता येते. सोने बारीक दळल्यावरच मोकळे होत असेल आणि धातुक तो खर्च पेलण्याइतके श्रीमंत असेल, तर दळलेला लगदा ढवळत्या टाक्यांत साधारण एक दिवस ठेवून ९० टक्के किंवा अधिक सोने मिळवता येते. या टाक्यांतच सक्रिय कार्बन मिसळून सोने त्यावर गोळा करण्याचे तंत्र १९७३ मध्ये अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाले. ढिगांची वाट त्याच्या थोडी आधी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, नेवाडात मोकळी झाली होती.

जुन्या खाणींचे टेलिंग्ज, म्हणजे सोने काढून झाल्यावर उरलेला दळलेला माल, हाही कमी प्रतीच्या सोन्याचा मोठा स्रोत आहे. ते आधीच दळलेले असतात, ही सोय. पण इतके बारीक असतात की गोळ्या बांधल्याशिवाय त्यांचा ढीग पाझरत नाही, ही अडचण.

ढीग रचणे

आधी जमीन. उतार हलका आणि एका दिशेला असावा, म्हणजे द्रावण स्वतःच वाहत तळ्याकडे जाते. दाबून घट्ट केलेल्या चिकणमातीच्या थरावर दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे उच्च घनतेच्या पॉलिथिनचे अस्तर अंथरतात, आणि त्याचा प्रत्येक सांधा वितळवून जोडल्यावर हवेच्या दाबाने तपासतात. अस्तरावर बारीक खडीचा थर आणि त्यात छिद्रे असलेल्या निचऱ्याच्या नळ्या येतात. हा थर अस्तराला टोकदार खडकापासून वाचवतो आणि ढिगाच्या तळाशी पाणी साचू देत नाही. द्रावणाच्या तळ्यांना दुहेरी अस्तर आणि त्या दोन्हींच्या मध्ये गळती पकडणारा थर हवा. अस्तराच्या कामात काटकसर करू नये असे मी आग्रहाने लिहितो, कारण त्यावर हजारो टन खडक आल्यानंतर दुरुस्ती करता येत नाही आणि गळालेले द्रावण सोने आणि विष दोन्ही घेऊन भूजलात जाते.

मग भरड. साधारण १२ ते २५ मिलिमीटर हा रूढ आकार आहे, पण अंतिम आकडा स्तंभाच्या चाचणीतूनच यावा. चिकणमाती किंवा बारीक धूळ जास्त असेल तर गोळीकरण करावे. दर टनाला काही किलो सिमेंट आणि चुना मिसळून, फिरत्या पिंपात किंवा पट्ट्यावर ओलावा देत, बारीक कण मोठ्या खड्यांना चिकटवून घेतात आणि रचण्याआधी किंवा रचल्यावर एक ते तीन दिवस मुरू देतात. मूठभर गोळ्या पाण्यात टाकून पाहाव्यात. त्या लगेच विरघळून गढूळ झाल्या तर बंध कच्चा आहे.

रचताना धातुक दाबले जाणार नाही याची काळजी हवी. ट्रकने माल आणून ढिगावरच फिरवला तर वरचा थर घट्ट होतो. ते टाळता येत नसेल तर रचून झाल्यावर पृष्ठभाग खोल नांगरून मोकळा करावा. सरकत्या पट्ट्यांनी मागे सरत रचणे सर्वांत चांगले. मात्र उंचावरून माल ओतला की मोठे खडे घरंगळत पायथ्याला जमतात आणि बारीक माल वर राहतो, त्यामुळे द्रावण वाटा शोधून एकाच बाजूने पळते. एका थराची उंची ६ ते १० मीटर ठेवण्याची रीत आहे.

द्रावण सोडण्यासाठी शेतातल्यासारख्या ठिबक नळ्या उत्तम, कारण बाष्पीभवन कमी होते आणि वाऱ्याबरोबर तुषार उडत नाहीत. दर साधारणपणे एका चौरस मीटरला तासाला ५ ते १२ लिटर असतो. आधी काही दिवस फक्त चुन्याचे पाणी सोडून खाली निघणाऱ्या पाण्याचा सामू १०च्या वर आला की मगच सायनाइड सुरू करावे. ढिगासाठी त्याची तीव्रता सहसा लिटरला १०० ते ५०० मिलिग्रॅम पुरते. ढिगावर डबकी दिसू लागली तर लगेच त्या भागाचा दर कमी करावा. साचलेले पाणी म्हणजे खाली ऑक्सिजन जाण्याची वाट बंद, आणि पक्ष्यांसाठी ते थेट विषारी तळे.

आकडे डोळ्यांसमोर आणण्यासाठी एक छोटा हिशोब. समजा १०,००० टन धातुक आहे, त्यात टनाला ०.६ ग्रॅम सोने आहे आणि उतारा ७० टक्के अपेक्षित आहे. मिळणारे सोने ४.२ किलो. रचलेल्या धातुकाचे वजन घनमीटरला १.६ टन धरले तर आकारमान ६,२५० घनमीटर, आणि ६ मीटर उंचीवर माथा ते पायथा सरासरी क्षेत्र सुमारे १,०४० चौरस मीटर होते. चौरस मीटरला तासाला १० लिटर या दराने दिवसाला सुमारे २५० घनमीटर द्रावण फिरवावे लागेल, आणि ७५ दिवसांत ते १८,७५० घनमीटर होईल, म्हणजे टनामागे जवळजवळ १.९ घनमीटर. हे प्रमाण रूढ पट्ट्यात बसते. निघणाऱ्या द्रावणात सोन्याची सरासरी लिटरला फक्त ०.२२ मिलिग्रॅम असेल. सुरुवातीला ती बरीच जास्त आणि शेवटी नगण्य. म्हणूनच ढिगाच्या शेवटच्या टप्प्यातले गरीब द्रावण लगेच कार्बनकडे न पाठवता सायनाइड आणि चुना पुरवून नव्या थरावर सोडतात, म्हणजे ते समृद्ध होऊन येते.

पाण्याचा हिशोब

या छोट्या ढिगाच्या अस्तरलेल्या भूमीचे क्षेत्र २,००० चौरस मीटर धरले आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर २०० घनमीटर जास्तीचे पाणी व्यवस्थेत शिरते. त्याच दिवशी वीज गेली तर ढिगात मुरलेले द्रावण पंप बंद असतानाही खाली येतच राहते. म्हणून तळ्यांची क्षमता ठरवताना चालू साठा, वीज नसताना उतरणारे द्रावण आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणारे मोठे वादळ या तिन्हींची बेरीज करावी, आणि वर मोकळी उंची राखावी. ३० जानेवारी २००० रोजी रुमानियातल्या बाया मारे येथे जुन्या टेलिंग्जमधून सोने काढण्याच्या प्रकल्पाच्या तळ्याचा बांध पाऊस आणि वितळत्या बर्फाच्या पाण्याने फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नद्यांत गेले. टिसा नदीतील मासे मोठ्या प्रमाणावर मेले आणि तो प्रवाह पुढे डॅन्यूबपर्यंत पोहोचला. सायनाइडच्या वापराची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता या दुर्घटनेनंतरच आकाराला आली. पाण्याचा हिशोब आळसावर सोडला तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही.

द्रावणातून सोने परत घेणे

ढिगातून येणाऱ्या पातळ द्रावणासाठी नारळाच्या करवंटीपासून बनवलेला सक्रिय कार्बन सर्वांत सोयीचा. द्रावण एकामागोमाग पाच-सहा स्तंभांतून खालून वर जाते आणि कार्बन उलट दिशेने, शेवटच्या स्तंभाकडून पहिल्याकडे सरकवला जातो. त्यामुळे सर्वांत गरीब द्रावणाला सर्वांत ताजा कार्बन भेटतो. टनाला काही किलो सोने चढले की कार्बन काढून आम्लाने धुतात, म्हणजे त्यावर बसलेला चुन्याचा थर निघतो. हे धुणे सायनाइडपासून पूर्ण वेगळ्या जागी आणि कार्बन आधी पाण्याने चांगला खळबळून घेतल्यावरच करावे, कारण आम्ल आणि सायनाइड एकत्र येणे हा या कारखान्यातला सर्वांत मोठा धोका आहे.

सोने उतरवण्यासाठी गरम कॉस्टिक सोडा आणि थोडे सायनाइड असलेले द्रावण कार्बनमधून फिरवतात. उकळबिंदूच्या जरा खाली ठेवले तर याला दोन-तीन दिवस लागतात. दाबाखाली १३५ ते १४० अंशांवर ते अर्ध्या दिवसात होते. मग विद्युतअपघटनाने सोने पोलादी लोकरीवर जमा करतात, तो गाळ वाळवून बोरॅक्स, सिलिका आणि सोऱ्याबरोबर वितळवतात. धातुकात पारा असेल तर तोही सोन्याबरोबर इथवर येतो. अशा वेळी वितळवण्याआधी गाळ बंद बकपात्रात तापवून पारा गोळा करून घेणे बंधनकारक समजावे. उतरवलेला कार्बन ६५० ते ७५० अंशांवर वाफेत तापवून पुन्हा वापरतात. चांदी सोन्याच्या कित्येक पट असेल तर कार्बन लवकर भरतो. तिथे द्रावण गाळून, त्यातली हवा काढून, जस्ताच्या भुकटीने धातू खाली बसवण्याची मेरिल-क्रो पद्धत बरी.

धातुक दाद देत नाही तेव्हा

तांबे हा सर्वांत नेहमीचा अडथळा. मॅलाकाइट, अ‍ॅझुराइट, चाल्कोसाइट यांसारखी खनिजे सायनाइडमध्ये सहज विरघळतात आणि एक ग्रॅम तांबे सुमारे २.३ ग्रॅम सोडिअम सायनाइड अडकवून ठेवते. एका टनात ५०० ग्रॅम असे तांबे विरघळले तर सुमारे १.१५ किलो सायनाइड त्यातच गेले, आणि अर्ध्या ग्रॅम सोन्यासाठी हा व्यवहार बसत नाही. चाल्कोपायराइट मात्र फारसे विरघळत नाही, म्हणून नुसत्या एकूण तांब्याच्या आकड्यावरून धातुक नाकारू नये. सायनाइडमध्ये विरघळणारे तांबे वेगळे मोजावे.

पायराइट किंवा आर्सेनोपायराइटच्या आत बंद असलेले सोने सोडवण्यासाठी ते खनिज आधी ऑक्सिडीकृत करावे लागते: भाजून, दाबाखाली ऑक्सिजन देऊन, किंवा लोह आणि गंधक खाणाऱ्या आम्लप्रिय जीवाणूंकडून. जीवाणूंची टाकीतली पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून वापरात आली. तिन्ही महाग आहेत आणि सहसा फेसावर तरंगवून (फ्लोटेशनने) श्रीमंत केलेल्या सांद्रावरच परवडतात. कार्बनयुक्त धातुकासाठी थायोसल्फेट हा खरा पर्याय आहे, कारण त्यातले सोन्याचे संयुग कार्बनला चिकटत नाही. मात्र ते गोळा करायला रेझिन लागते. नेवाडातल्या गोल्डस्ट्राइक येथे २०१४ पासून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली. थायोयुरिया आणि क्लोराइड यांचा वापर मर्यादित राहिला आहे. ग्लायसिन या अमिनो आम्लावर चाललेले काम आशादायक आहे, विशेषतः तांबेयुक्त धातुकासाठी.

पारा मळून सोने काढण्याचा मार्ग मात्र पर्याय म्हणून विचारातच घेऊ नये. कमी प्रतीच्या बारीक सोन्यात त्याचा उतारा वाईट असतो, आणि पारा लावलेल्या शेषावर पुन्हा सायनाइड वापरले तर पारा विरघळून पाण्यात जातो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराने, जो २०१७ मध्ये अमलात आला, संपूर्ण धातुकात पारा मळणे आणि पारा लावलेल्या शेषावर सायनाइड वापरणे हे दोन्ही प्रकार बंद करण्याच्या यादीत घातले आहेत.

माणसांची काळजी

सायनाइड विरघळवण्याच्या टाकीत आधी कॉस्टिक सोडा, मग सायनाइड, हा क्रम कधीही उलटू नये. आम्ले वेगळ्या इमारतीत ठेवावीत. मिश्रणाच्या जागी हायड्रोजन सायनाइड मोजणारी स्थिर यंत्रे आणि प्रत्येकाच्या अंगावर छोटे यंत्र असावे. कडू बदामाचा वास येईल या भरवशावर राहू नये, कारण पुष्कळ लोकांना तो येतच नाही. एकट्याने काम करू नये. कोणी कोसळले तर श्वसनयंत्र लावल्याशिवाय आत धावू नये आणि तोंडाने श्वास देऊ नये. ऑक्सिजन द्यावा, दूषित कपडे काढावेत आणि हायड्रॉक्सोकोबालामिनसारखा विषावरचा उतारा प्रशिक्षित माणसाकडून मिळेल अशी व्यवस्था आधीच केलेली असावी. जवळच्या रुग्णालयाला तिथे सायनाइड वापरले जाते हे काम सुरू होण्यापूर्वी कळवावे.

ढीग बंद करताना

सोने येणे थांबले म्हणजे काम संपले असे नाही. ढिगात टनामागे बरेच द्रावण अडकून राहते, आणि ते महिनोन्‌महिने निचरत असते. आधी सायनाइड न घालता तेच पाणी फिरवावे. त्यातून उरलेले थोडे सोनेही येते. मग ताज्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याने धुवावे. बाहेर येणाऱ्या पाण्यातील सायनाइड नष्ट करण्यासाठी सल्फर डायऑक्साइड आणि हवा, तांब्याच्या उत्प्रेरकासह आणि ८ ते ९ सामूवर वापरतात. लहान प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड सोयीचे असते. दोन्हींत सायनाइडचे रूपांतर पुष्कळ कमी विषारी सायनेटमध्ये होते. उन्हात आणि हवेत सायनाइड हळूहळू आपोआपही विघटित होते, पण लोहाशी बांधलेले रूप टिकाऊ असते, म्हणून फक्त मोकळे सायनाइड मोजून समाधान मानू नये. सौम्य आम्लात सुटणारे आणि एकूण असे दोन्ही आकडे पाहावेत.

धुण्याने सामू खाली आला की आधी विरघळलेले काही धातू खाली बसतात, पण आर्सेनिक आणि सेलेनिअम तसेच राहू शकतात, आणि ढिगात सल्फाइड असेल तर काही वर्षांनी आम्लयुक्त निचरा सुरू होऊ शकतो. ढिगाचा उतार सौम्य करून, त्यावर मातीचा थर आणि गवत बसवून पावसाचे पाणी आत जाणे कमी करावे. ढिगाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी काम सुरू होण्याआधीच खणून मूळ पाण्याची परख नोंदवून ठेवलेली असावी, कारण तुलनेसाठी तो पहिला आकडा नंतर कोणत्याही मार्गाने मिळवता येत नाही.